जगाच्या पत्त्यांची वही कोणाच्या हाती?

समजा, तुमच्या गावात एकाच क्रमांकाची दोन घरे आहेत. पोस्टमनने पत्र टाकायचे कोणत्या घरात? बिचारा गोंधळून जाईल! इंटरनेटलाही हीच काळजी घ्यावी लागते. तेथे संगणकांचे पत्ते आकड्यांचे असतात. लांबलचक आकडे आपल्या लक्षात राहत नाहीत, म्हणून आपण नावे वापरतो. तेव्हा नावावरून आकडा सांगणारी वही हवीच.

सुरुवातीला संगणक थोडे होते. सर्व नावांची एकच यादी अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत असे आणि इतर संगणक तिची नक्कल उतरवून घेत. पुढे संगणक वाढले, यादी अपुरी पडली. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस या शास्त्रज्ञाने युक्ती सुचविली : एका वहीच्या अनेक वह्या करायच्या. 'डॉट इन' ने संपणाऱ्या नावांची वही भारताने सांभाळायची, 'डॉट जेपी' ची जपानने. कोणती वही कोठे आहे, एवढेच सांगणारी एक छोटी यादी सर्वांच्या वर. तिला मूळ यादी म्हणू. तिच्यात चौदाशेहून थोडे अधिक शेवट आहेत. देवनागरीतील 'डॉट भारत' ही त्यांतलाच. तिच्या प्रती जगभर ठेवलेल्या आहेत.

यादी लहान, पण अधिकार केवढा! तिच्यातून एखाद्या देशाची ओळ खोडली, तर त्या शेवटाची सर्व नावे एक-दोन दिवसांत सापडेनाशी होतील. यंत्रे चालू, तारा शाबूत. हरवला तो फक्त पत्ता!

मग ही लेखणी कोणाच्या हाती? प्रथम जॉन पोस्टेल हे संशोधक हे काम पाहत. १९९८ साली त्यासाठी 'आयकॅन' ही विनानफा संस्था अमेरिकेत स्थापन झाली. तिच्यावर अमेरिकन सरकारची देखरेख असे. इतर देशांना हे खटकत होते. १ ऑक्टोबर २०१६ रोजी ती देखरेख संपली. आता सरकारे, कंपन्या, तंत्रज्ञ आणि सामान्य वापरणारे यांचे प्रतिनिधी मिळून धोरण ठरवतात. हा अधिकार सरकारांकडेच असावा, असे काही देशांचे मत आहे.

२०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर मोठे आक्रमण केले. युक्रेनने आयकॅनला विनंती केली : 'डॉट आरयू' हा रशियाचा शेवट रद्द करा. आयकॅनने नकार दिला. इंटरनेट चालू ठेवणे हे आमचे काम, ते बंद पाडणे नव्हे, असे तिचे म्हणणे.

हल्ला झालेल्या देशाला हे उत्तर कठोर वाटले असेल. परंतु दुसरी बाजूही पाहा. आज एक ओळ खोडली, तर उद्या दुसरा देश तिसऱ्याची ओळ खोडायला सांगेल. यादीवरचा विश्वास उडाला, की जो तो आपली वेगळी यादी करील. रशियाने तर २०१९ च्या कायद्यात स्वतःच्या नामव्यवस्थेची तरतूद केलीच होती. अशा याद्या परस्परांशी जुळल्या नाहीत, तर एकाच नावाचे दोन पत्ते होतील. म्हणजे पुन्हा आपला तो गोंधळलेला पोस्टमन!

आयकॅनच्या जागी तुम्ही असता, तर काय केले असते? वर्गात दोन गट करा आणि वाद घालून पाहा.