पत्र गेले, म्हणजे कोठवर गेले?

शाळेच्या कार्यालयातील संगणकावर फीच्या पावत्या करणारी एखादी आज्ञावली असते. लिपिकाने कळ दाबली की पावती तयार होते व तिची प्रत ई-मेलने पालकांकडे रवाना होते. पडद्यावर ‘पाठविले’ अशी अक्षरे उमटतात. पण पाठविले ते कोठवर? पावतीचे एक वेळ चालेल. परीक्षेच्या अर्जाची मुदत कळविणारे पत्र वाटेत राहिले, तर एखाद्या मुलाचे वर्ष बुडावयाचे.

ई-मेलची ने-आण एसएमटीपी नावाच्या नियमांनी होते. जॉन पोस्टेल यांचा या नियमांचा मसुदा १९८२ साली प्रसिद्ध झाला. पुढे सुधारणा झाल्या, पण गाभा तोच राहिला. पत्र एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे हातोहात जाते, आणि घेणारा दर वेळी तीन अंकी उत्तर देतो. पत्र सोपविल्यावर २५० आले की ते स्वीकारले गेले, पुढची जबाबदारी त्याची. ४ ने आरंभ होणारे उत्तर म्हणजे ‘आता नाही, मागाहून या’. ५ ने आरंभ होणारे म्हणजे साफ नकार. तो पत्ताच नसेल तर बहुधा ५५० येते. पुष्कळ आज्ञावल्या हा भेद पाहतच नाहीत, आणि आमच्या मते निम्मा घोटाळा येथेच होतो. ‘मागाहून या’ म्हटल्यावर जो पुन्हा जात नाही, त्याचे काम कसे व्हावे?

पुन्हा जावयाचे तर पत्र जपून ठेविले पाहिजे. जुन्या कचेऱ्यांतील जावक बारनिशी येथे आठवते. आज्ञावलीने पत्र प्रथम डिस्कवर नोंदवावे, मग पाठवावे, आणि २५० आल्यावरच नोंदीपुढे खूण करावी. मध्येच वीज गेली तरी सकाळी खूण नसलेली पत्रे समोर असतात. एक अडचण मात्र उरते. पत्र पोचले, पण उत्तर येण्यापूर्वीच जोडणी तुटली, तर? अशा वेळी पुन्हा पाठवावे. दोन प्रती गेल्याने फारसे बिघडत नाही, एकही न गेल्याने बिघडते. मात्र दोन्ही प्रतींवर ओळख-क्रमांक एकच असावा.

न पोचलेल्या पत्रासाठी सर्व्हरने चार-पाच दिवस तरी खेपा घालाव्यात, असा संकेत आहे. कार्यालयाचा संगणक तर सायंकाळी बंद होतो! म्हणून आज्ञावलीने दूरच्या सर्व्हरकडे स्वतः धाव घेऊ नये; आपल्या ई-मेल सेवेच्या अहोरात्र जाग्या असणाऱ्या सर्व्हरकडे, ५८७ क्रमांकाच्या पोर्टने, परवलीचा शब्द देऊन पत्र सोपवावे. पुढच्या खेपा तो घालतो.

त्यालाही यश आले नाही, तर तो तसे कळविणारे पत्र प्रेषकाच्या पत्त्यावर धाडतो. तो पत्ता रोज कोणी तरी उघडून पाहणारा हवा.