जुन्या लेन्स, नवा फुल फ्रेम

प्रश्न : माझ्याकडे निकॉन डी ५३०० आहे. सोबत १८-५५, ३५ मिमी १.८ डीएक्स आणि ५० मिमी १.८ जी अशा लेन्स आहेत. वापरलेला डी ७५० घ्यायचा विचार आहे. या लेन्स चालतील का?

उत्तर : तिन्ही बसतील, दोन्ही बॉडींचा माउंट एकच आहे. पण बसणे वेगळे आणि पुरणे वेगळे. डीएक्स लेन्सचे प्रकाशवर्तुळ लहान सेन्सरपुरतेच असते. ती लावली की डी ७५० आपोआप मधला भाग कापून घेतो आणि २४ मेगापिक्सेलचे जेमतेम १० उरतात. म्हणजे पैसे फुल फ्रेमचे मोजायचे आणि फोटो आताच्या कॅमेऱ्यापेक्षा लहान काढायचे!

मेनूतील ‘इमेज एरिया’मध्ये जाऊन ऑटो डीएक्स क्रॉप बंद करून पाहा. १८-५५ ला १८ वर चारही कोपरे काळे येतील. ३५ मिमी मात्र बरीच निभावते. कोपरे गडद होतात, पण पोर्ट्रेटमध्ये खटकत नाहीत. ५० मिमी मुळात फुल फ्रेमचीच. तुमच्याकडे ती ७५ मिमीइतका आवळलेला कोन देते, तिथे खराखुरा ५० चा देईल.

एक जोडफायदा : डी ७५० मध्ये फोकसची मोटर असल्याने जुन्या, स्वस्त एएफ-डी लेन्सही ऑटोफोकस होतील.

कॅनन वापरणाऱ्या मित्राचे ऐकून मात्र निर्णय घेऊ नका. त्यांच्या ईएफ-एस लेन्स फुल फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाहीत.

माझा सल्ला : १८-५५ जुन्या बॉडीसोबतच विका आणि फुल फ्रेम झूमचे पैसे हाताशी असतील तरच बॉडी घ्या.