सूर्यफुलाऐवजी अंगणात करडई

प्रश्न : अकोल्यात आमच्या अंगणात काळी माती आहे, पण नळ रोज येत नाही. कमी पाण्यावर येणारी देशी सूर्यफुलं लावता येतील का?

उत्तर : सूर्यफूल मूळचं उत्तर अमेरिकेतलं. जरूर लावा, पण फुलोऱ्यात आणि दाणे भरताना त्याला पाणी लागतंच. तुमची अडचण पाहता मी त्याच्याच कुळातली करडई सुचवेन. वऱ्हाडाच्या काळ्या मातीत ती पिढ्यान्‌पिढ्या पिकते आहे. शेतातलं पीक म्हणून लोक तिला बागेत घेत नाहीत. पिवळं फूल उमलून केशरी होत जातं, ते काय शेवंतीपेक्षा कमी आहे?

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, जमिनीत ओल असताना बी थेट वाफ्यात टोबा. सोटमूळ खोल जातं आणि खालची ओल ओढतं, म्हणून कुंडीत रोप करून मग हलवू नका. दोन झाडांत वीतभर अंतर ठेवा. विरळणीत उपटलेल्या कोवळ्या रोपांची लसूण घालून भाजी करा. कळ्या धरताना एक पाणी पुरे. लाडानं जास्त दिलं आणि ते साचलं, तर झाड मरतं. ढगाळ हवेत मावा पडला की 5 टक्के निंबोळी अर्क फवारा.

काट्यांची भीती वाटते? फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेची ‘नारी-6’ ही जात बिनकाट्याची आहे. बियाण्याची चौकशी मात्र आधी घराजवळच, डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात करा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडं वाळतील. उन्हाळ्यात वाफा रिकामाच राहू द्या.