पावसापुरात घर पडलं? मदत मिळवण्यासाठी या क्रमानं चला

मांजरेचं पाणी भालकी-औरादच्या गावांत शिरलेलं असो, उजनी धरणातून सुटलेल्या पाण्यानं भीमा अफझलपुरात पसरलेली असो, की नुसत्या झडीनं माळवदाची भिंत बसलेली असो, कर्नाटकात सरकारी मदतीची वाट एकच आहे. धीर सोडू नका, आणि खालचा क्रम मोडू नका.

हे जवळ असू द्या: आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, पंचायतीचा घराचा उतारा (फॉर्म 9 आणि 11), घरपट्टीची पावती आणि मोबाइल. कागद वाहून गेले असतील तरी पहिल्या चार पायऱ्या थांबवू नका.

1. माणसं आणि जनावरं बाहेर काढा. उरलेल्या भिंतीच्या आडोशाला बसू नका. भिजलेली माती पाऊस थांबल्यावरही ढासळते.

2. वीज बंद करा. पाण्यात उभं राहून मेन स्विचला हात लावू नका. 1912 वर वीज कंपनीला, म्हणजे गेस्कॉमला, कळवा.

3. फोटो काढा. चारही बाजूंनी, आतून-बाहेरून. एका फोटोत पडलेली भिंत, तुम्ही आणि शेजारचं उभं घर अशी तिन्ही दिसू द्या, म्हणजे जागा कुणाची हा वाद उरत नाही. सावधान: पंचनाम्याआधी ढिगारा उपसू नका. पुरावा तोच आहे.

4. त्याच दिवशी तलाठ्याला कळवा. फोन लागला नाही तर जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला 1077 वर सांगा.

5. पंचायतीतून उतारा काढा. मदतीच्या निकषांत घर अधिकृत असावं लागतं. उतारा अजून वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर वारसांची संमती आताच लिहून घ्या.

6. नावं जुळवून पाहा. आधारवर एक आणि कन्नड उताऱ्यात दुसरंच आडनाव असेल, तर पैसे तिथंच अडकतात. फरक दिसला की लगेच पंचायत विकास अधिकाऱ्यांना (पीडीओ) दाखवा.

7. तहसीलदारांच्या नावे अर्ज लिहा. कन्नडमध्ये लिहिलात तर काम लवकर सरकतं. शाळेत जाणाऱ्या पोराला हाताशी घ्या. गाव, घर नंबर, तारीख, वेळ आणि काय काय पडलं ते लिहा. मोघम ‘खूप नुकसान’ लिहू नका.

8. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. पोच नसेल तर पुढं विचारायला आधार राहत नाही.

9. बँकेत जाऊन खातं आधारशी जोडलेलं आहे का ते विचारा. बंद पडलेलं जनधन खातं देऊ नका.

10. पंचनाम्याच्या दिवशी घरीच थांबा. खचलेला पाया, आतल्या भेगा, गोठा, सगळं स्वतः दाखवा. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका.

11. तुमच्या घराच्या नुकसानीचा वर्ग विचारून लिहून ठेवा. 75 टक्क्यांहून जास्त नुकसान म्हणजे ए, 25 ते 75 बी, 15 ते 25 सी. 2022 ते 2026 साठीच्या केंद्राच्या निकषांत सपाट भागातल्या पूर्ण पडलेल्या घराला 1,20,000 रुपये ठरवले होते. निदान 15 टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला 6,500, कच्च्याला 4,000 आणि गोठ्याला 3,000. राज्य सरकार कधी कधी यात भर घालतं, म्हणून चालू आदेशाची रक्कम तहसीलमध्ये विचारा.

12. पंचायतीत यादी पाहा. नाव नसेल किंवा वर्ग खालचा लागला असेल, तर फोटो जोडून तहसीलदारांकडे लेखी हरकत द्या. तोंडी तक्रारीची नोंद होत नाही.

13. नवं घर बांधायची मंजुरी हातात आल्यावरच पाया खणा. राजीव गांधी ग्रामीण वसती निगमच्या घरांचे हप्ते बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे, जागेवरचा फोटो चढवल्यावर सुटतात. आधीच बांधलंत तर पहिल्या टप्प्याचा फोटो कुठून आणणार?

14. प्रत्येक टप्पा संपला की पीडीओंना बोलवा आणि फोटो चढल्याची खात्री करा. पाया, लिंटल, छत, शेवटचं काम, याच क्रमानं. आलेला हप्ता दुसरीकडे खर्चू नका. टप्पा रखडला की पुढचा हप्ताही रखडतो.

सगळे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि त्यांचा एक संच उंचावरच्या नातेवाइकाकडे ठेवा. अर्ज घरच्या बाईच्या नावे असेल, तर कचेरीत तिला सोबत घेऊनच जा. हे पैसे तुमच्या हक्काचे आहेत. मान ताठ ठेवून मागा.