‘ययाति’तील दासी आणि ‘मी’चा अधिकार : एका विद्यार्थिनीच्या टिपणाच्या निमित्ताने

वि. स. खांडेकर यांची ‘ययाति’ ही कादंबरी १९५९ साली प्रकाशित झाली. १९६० साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९७४ सालच्या ज्ञानपीठ पुरस्काराने मराठी साहित्याला तो सन्मान प्रथमच प्राप्त करून दिला. पदव्युत्तर वर्गात या कादंबरीतील व्यक्तिरेखांचा विचार बहुधा एका ठरलेल्या चौकटीत केला जातो. ययाती म्हणजे भोग, देवयानी म्हणजे अहंकार, शर्मिष्ठा म्हणजे निरपेक्ष प्रेम आणि कच म्हणजे संयम, ही ती चौकट होय. ती सर्वस्वी चुकीची आहे असे नाही. कादंबरीची रचनाच तिला पुष्कळ आधार पुरविते. परंतु व्यक्तिरेखेचे एका गुणात रूपांतर केले की तिच्याविषयी प्रश्न विचारण्याचे प्रयोजनच उरत नाही. आणि जेथे प्रश्न नाही तेथे अभ्यासही नाही.

सोलापुरातील एका महाविद्यालयात एम. ए.च्या वर्गात लिहिले गेलेले एक टिपण या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे. ते लिहिणारी विद्यार्थिनी शहराच्या पूर्व भागात राहणारी. घरची भाषा तेलुगू, शिक्षणाची मराठी. आई घरी विड्या वळते. विषय नेहमीचाच होता : ‘ययाति’तील प्रेमाची रूपे. अपेक्षित उत्तर चार गुणांचे होते. टिपणात मात्र उत्तराऐवजी तीन विधाने आली. पहिले, या कादंबरीत प्रेमाची किंमत दासी मोजतात आणि दुःख राजा सांगतो. दुसरे, लेखकाला दासींचा विसर पडला आहे. तिसरे विधान प्रश्नरूप होते : निरपेक्ष प्रेम करणारी स्त्री दासीच का असावी?

अशा टिपणाला ‘विषयांतर’ असा शेरा देणे सोपे आहे. ‘स्वानुभवातून आलेले, म्हणून खरे’ असे म्हणून त्याचे कौतुक करणे त्याहून सोपे आहे. दोन्ही प्रकारांत टिपण वाचले जात नाही. प्रस्तुत लेखात या तिन्ही विधानांची संहितेच्या आधारे तपासणी करावयाची आहे.

१. ‘मी’ची वाटणी

‘ययाति’ची कथा प्रथमपुरुषी निवेदनातून उलगडते. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा हे तीन निवेदक आळीपाळीने आपापली कहाणी सांगतात. प्रणयकथेच्या दृष्टीने ही योजना मोठी फलदायी ठरली आहे. एकाच विवाहाच्या तीन बाजू वाचकासमोर येतात, आणि एकाने दुसऱ्याविषयी करून घेतलेला ग्रह तिसऱ्याच्या निवेदनात उघडा पडतो.

परंतु ‘मी’ म्हणण्याचा अधिकार कोणाला मिळाला आहे, हे पाहिले असता एक गोष्ट लक्षात येते. ययाती हस्तिनापूरचा राजपुत्र, देवयानी शुक्राचार्यांची कन्या, शर्मिष्ठा वृषपर्व्याची कन्या. तिन्ही निवेदक राजकुलातील अथवा गुरुकुलातील आहेत. कादंबरीचे नैतिक केंद्र असलेल्या कचालाही हा अधिकार नाही. परंतु तो इतरांच्या निवेदनातून भरपूर बोलतो, उपदेश करतो, शेवटच्या पेचातून वाट काढतो. त्याचे मौन केवळ तांत्रिक आहे. महाभारतात देवयानीच्या प्रकरणानंतर कथेतून निघून जाणाऱ्या कचाला खांडेकरांनी मुद्दाम परत आणले, ते त्याचे म्हणणे ऐकविण्यासाठीच.

अलका आणि मुकुलिका यांचे तसे नाही. अलका ही ययातीच्या दाईची, कलिकेची मुलगी. राजपुत्राचे तिच्यावर मन जडते आणि त्याच्या आईच्या आज्ञेवरून तिला विष दिले जाते. मुकुलिका त्याच्या एकाकी काळात जवळ येणारी दासी. तिला राजवाड्यातून दूर केले जाते. दोघींच्या आयुष्यात काय घडले, हे वाचकाला ययातीच्याच तोंडून कळते. टिपणातील पहिले विधान येथे संहितेच्या कसोटीला उतरते.

२. अलकेची आठवण

दुसरे विधान मात्र तसेच्या तसे स्वीकारता येत नाही. लेखकाला दासींचा विसर पडला आहे, असे म्हणता येईल का? अलका मरते, परंतु कादंबरीतून जात नाही. तिचा सोनेरी केस ययातीच्या मनात पुनःपुन्हा चमकून जातो. पुढील प्रत्येक मोहाच्या क्षणी ती कोठे तरी उभी आहे, ही जाणीव वाचकाला असते. लेखकाला तिचा विसर पडला असता तर त्याने ही खूण इतक्या सातत्याने जपली नसती.

हा आक्षेप वर्गात मांडला गेला तेव्हा विद्यार्थिनीने आपले विधान मागे घेतले नाही. ते दुरुस्त केले. तिची दुरुस्ती अशी होती : अलका विसरली गेलेली नाही, परंतु तिची आठवण ज्याच्यामुळे ती मेली त्याच्याकडेच ठेवलेली आहे.

या दुरुस्तीने विधानाचे स्वरूपच पालटते. मूळचा आरोप लेखकाच्या सहानुभूतीवर होता. दुरुस्त विधान निवेदनाच्या रचनेविषयी आहे. ययातीच्या स्मरणात अलका ही एक व्यक्ती म्हणून किती उरते आणि त्याच्या अतृप्तीचे प्रतीक म्हणून किती, हा प्रश्न त्यातून निर्माण होतो. तिला काय वाटत होते, तिचे भय कोणते होते, राजपुत्राला नकार देणे तिला शक्य होते का, या प्रश्नांकडे ययातीचे निवेदन वळत नाही. ते वळते ते स्वतःच्या हानीकडे. मृत मुलीच्या आठवणीचे आत्मकरुणेत रूपांतर होते, आणि ती आत्मकरुणा पुढील भोगाचे समर्थन बनते.

येथे आणखी एक भेद करणे आवश्यक आहे. ययातीची दृष्टी आणि खांडेकरांची दृष्टी एक नव्हे. ययातीची कबुली ही एका दुबळ्या, स्वतःची समजूत घालणाऱ्या माणसाची कबुली आहे. त्याच्या बोलण्यातील आत्मवंचना वाचकाने ओळखावी, अशीच लेखकाची अपेक्षा दिसते. तेव्हा अलकेचे मौन हा लेखकाचा दोष मानावयाचा की ययातीच्या स्वभावावरचे भाष्य मानावयाचे, हे केवळ ययातीच्या निवेदनावरून ठरणार नाही. त्यासाठी शर्मिष्ठेकडे वळावे लागते. कारण दास्याचा अनुभव घेऊन ‘मी’ म्हणणारी या कादंबरीत तीच एक आहे.

३. शर्मिष्ठेचे दास्य

शर्मिष्ठा जन्माने राजकन्या आहे. पित्याच्या राज्यावरील संकट टाळण्यासाठी ती देवयानीचे दास्य पत्करते. तिला बोलण्याचा अधिकार मिळतो, तो ती दासी आहे म्हणून की राजकन्या होती म्हणून? तिच्या निवेदनात दास्य येते ते मुख्यतः अपमान म्हणून, गमावलेल्या स्थानाची बोच म्हणून. रोजचे श्रम म्हणून ते फारसे येत नाही. जी जन्मतःच दासी आहे तिला गमावण्यासारखे स्थानच नसते, आणि म्हणून कथाही नसते. अलकेच्या मौनाचे उत्तर शर्मिष्ठेच्या निवेदनातही मिळत नाही, हे महत्त्वाचे आहे. ययाती अलकेचे मन वाचत नाही, हा त्याचा स्वभाव म्हणता येईल. परंतु तिन्ही निवेदनांत मिळून जन्माने दासी असलेल्या स्त्रीच्या मनाला जागा मिळत नाही, हा कादंबरीच्या रचनेचा भाग आहे.

आता तिसरा प्रश्न. निरपेक्ष प्रेम करणारी स्त्री दासीच का? विद्यार्थिनीचा रोख असा होता की जिला काही मागण्याचा हक्कच नाही, तिच्या न मागण्याला निरपेक्षता म्हणावे का? विधान आकर्षक आहे. परंतु ते शर्मिष्ठेला पुरते लागू पडत नाही. तिच्या निवेदनात तिची स्वतःची ओढ आहे, निर्णय आहे, पुरूला वाढविण्याचा निर्धार आहे. तिचे प्रेम केवळ नाइलाज मानले तर ज्या व्यक्तिरेखेच्या वतीने प्रश्न विचारावयाचा तिच्याच इच्छेला नकार दिल्यासारखे होईल.

या ठिकाणी मूळ कथेकडे पाहणे उद्बोधक ठरते. महाभारताच्या आदिपर्वात शर्मिष्ठा स्वतः ययातीकडे येते आणि आपली बाजू मांडते. तिच्या युक्तिवादातील एक मुद्दा दास्याच्या धर्मावरच उभारलेला आहे. दासाचे स्वतःचे असे काही नसते. ती देवयानीची दासी, देवयानी राजाची पत्नी. म्हणून तिच्यावरही राजाचा अधिकार पोहोचतो आणि तिची इच्छा पुरविण्याचे दायित्वही राजावर येते, असा त्याचा आशय आहे. ज्या नियमाने तिला बांधले त्याच नियमाचा ती शस्त्रासारखा उपयोग करते. महाभारतातील शर्मिष्ठा निरपेक्ष नाही. ती मागते, आणि का मागते तेही सांगते.

खांडेकरांच्या कादंबरीत हा व्यवहारी, हक्काची भाषा बोलणारा पदर मागे पडतो आणि त्याच्या जागी त्यागमय प्रेम येते. आधुनिक प्रेमकल्पनेच्या दृष्टीने हे उदात्तीकरण आहे. दास्याच्या प्रश्नाच्या दृष्टीने तो एक संकोच आहे. विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर कदाचित येथे सापडते. दासीच निरपेक्ष असते असे नव्हे; कादंबरीला निरपेक्ष प्रेम हवे होते, म्हणून दासीची मागणी गाळावी लागली.

४. स्वानुभव : विघ्न की वाट?

टिपणावर घेता येईल असा सर्वांत गंभीर आक्षेप भारतीय साहित्यशास्त्रातूनच येतो. अभिनवगुप्ताने सांगितलेल्या सात रसविघ्नांपैकी एक म्हणजे वाचकाने अथवा प्रेक्षकाने स्वतःच्याच सुखदुःखात गुंतून जाणे. असे झाले की साधारणीकरण होत नाही आणि रसप्रतीती खंडित होते. आई दिवसभर मान खाली घालून विड्या वळते, पानाचा आणि तंबाखूचा हिशेब दुसऱ्याच्या हाती असतो, हे रोज पाहणारी मुलगी ‘ययाति’तील दासींकडे तटस्थपणे पाहू शकेल का?

या आक्षेपाला दुसरी बाजू आहे. सोलापूर जिल्ह्यातीलच अक्कलकोट तालुक्यात जन्मलेले शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) या ग्रंथात आनंद हा साहित्याचा एकमेव निकष मानण्यास नकार दिला आणि स्वातंत्र्य व समता या मूल्यांचा आग्रह धरला. त्यांचे विवेचन दलित साहित्याविषयी आहे. ते खांडेकरांच्या कादंबरीला सरळ लावणे योग्य होणार नाही. परंतु सहृदय वाचक कोण, त्याचे हृदय कोणत्या अनुभवांनी घडलेले असते, हा प्रश्न त्यानंतर टाळता येत नाही. राजवाड्यातील दुःखाशी तादात्म्य पावणारा वाचकही आपला अनुभव बरोबर घेऊनच येतो. फक्त त्याच्या अनुभवाला कोणी विघ्न म्हणत नाही.

प्रस्तुत टिपणाच्या बाबतीत निर्णय त्याच्या प्रवासावरून करावा लागेल. स्वानुभवाने विद्यार्थिनीला अलका दिसली. इतरांना ती ओझरती दिसली होती. हे अनुभवाचे देणे. त्याच अनुभवाने तिला लेखक विस्मरणशील आहे असे वाटले आणि शर्मिष्ठेची इच्छा दिसली नाही. हे अनुभवाचे विघ्न. संहितेकडे परत गेल्यावर एक विधान टिकले, एक दुरुस्त झाले आणि एका प्रश्नाचे उत्तर अपेक्षेहून वेगळे निघाले. अनुभव प्रश्न देतो, उत्तर संहितेकडे मागावे लागते, हे वाचनाचे साधे शिस्तपर्व आहे.

५. एक तुलना

हा प्रश्न केवळ एका विद्यार्थिनीचा नाही, हे दाखविणारी एक साहित्यकृती सोलापूरच्या शेजारच्या भाषेतच आहे. गिरीश कर्नाड यांचे ‘ययाति’ हे कन्नड नाटक १९६१ साली प्रसिद्ध झाले. त्यात देवयानीची दासी स्वर्णलता स्वतःच्या उद्ध्वस्त संसाराची कथा स्वतः सांगते, आणि पुरूची पत्नी चित्रलेखा सासऱ्यासाठी पत्करलेल्या त्या त्यागाचा जाब विचारते. दोन कृतींची प्रतवारी लावण्यासाठी ही तुलना नाही. कादंबरी आणि नाटक यांचे धर्म भिन्न आहेत. नाटकात रंगमंचावर आलेल्या पात्राला बोलावेच लागते. परंतु त्याच कथेत, जवळजवळ त्याच काळात, दासीला शब्द देणे शक्य होते, एवढे त्यावरून सिद्ध होते. सोलापूरच्या वर्गात मराठी, कन्नड आणि तेलुगू घरांतील विद्यार्थी शेजारी बसतात. त्यांना ही तुलना सहज उपलब्ध आहे; अभ्यासक्रमात मात्र ती क्वचितच येते.

६. समारोप

चार गुणांच्या चौकटीत लिहिलेल्या उत्तराला पूर्ण गुण मिळाले असते, आणि अलकेचे नाव त्यात आलेच नसते. टिपणाने ती चौकट मोडली. परंतु पहिल्या स्वरूपात तेही अपुरे होते. अध्यापकाचे काम या दोहोंच्या मध्ये आहे. विद्यार्थ्याला खटकलेली गोष्ट खोडून न टाकता तिचे रूपांतर तपासण्याजोग्या विधानात करावयास लावणे, आणि विधान ढासळले तर ते पुन्हा रचण्यास अवसर देणे, यापलीकडे व्यक्तिरेखा शिकविण्याची दुसरी रीत नाही.

‘ययाति’च्या थोरवीला या वाचनाने बाध येत नाही. सोनेरी केसाची खूण खांडेकरांनीच ठेवली होती. ती कोणाची, असे विचारणारा वाचक तिला भेटावयाचा होता. परीक्षेतील प्रश्न ‘ययाति’तील प्रेमाची रूपे स्पष्ट करा, असाच राहिला तरी हरकत नाही. त्याच्या उत्तरात, ज्यांना ‘मी’ म्हणता आले नाही त्यांच्या प्रेमासाठीही जागा असावयास हवी.