लिनक्सचा नवा कर्नल व बूट-विभाग

संगणकाचें यंत्र व त्यावर चालणारे प्रोग्राम या दोहोंमधील सारा व्यवहार जो पाहतो, त्यास 'कर्नल' म्हणजे गाभा असें म्हणतात. हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्सचा कर्नल प्रसिद्ध केला. त्यावर आधारलेल्या अनेक प्रणाली आज आहेत; १९८८ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेची 'बॉस' ही त्यांपैकींच एक होय. कर्नलमधील दोष उघडकीस आले कीं सुधारलेली आवृत्ति निघते, व ती बसविणें हें दक्ष चालकाचें कर्तव्य असतें.

या कामांतील एक मर्म पाहूं. कित्येक यंत्रांत कर्नलची फाइल डिस्कच्या एका लहानशा, निराळ्या विभागांत ठेवलेली असते. यंत्र सुरू होतांच 'ग्रब' नांवाचा बूट-लोडर तेथून कर्नल उचलून मेमरींत भरतो. पुढें त्या विभागाची नित्य गरज पडत नाहीं. म्हणून कांहीं चालक तो आपोआप जोडला जाऊं नये अशी व्यवस्था ठेवितात. हा विभाग मुख्य विभागांतील 'बूट' नांवाच्या रिकाम्या डिरेक्टरीस जोडणें, यासच 'माउंट करणें' म्हणतात.

येथेंच घोटाळा संभवतो. विभाग न जोडतां नवा कर्नल बसविला, तर तो त्या रिकाम्या डिरेक्टरींतच जाऊन पडतो. संगणक तक्रार करीत नाहीं. त्याच्या दृष्टीनें आज्ञा पाळली गेलेली असते. आपल्या भिवंडींतील गोदामाचें कुलूप न उघडतां हमालांनीं नव्या गांठी बाहेर ओट्यावर उतरविल्या, तर आंतून माल काढणाऱ्याच्या हातीं जुन्याच गांठी येणार! तसाच ग्रब जुना कर्नल उचलतो. दोष दूर झाला असें चालक समजतो, आणि धोका मात्र तसाच राहतो. जुन्या कर्नलचीं मॉड्यूलें मध्यंतरीं काढून टाकलीं असतील, तर नेटवर्कसारखीं साधनेंहि बंद पडूं शकतात. पुढें विभाग जोडला कीं त्या नव्या फाइली त्याखालीं झांकल्या जातात व शोधूनहि दिसत नाहींत.

यास्तव पुढील क्रम ध्यानांत ठेवावा.

१. 'माउंट' ही आज्ञा एकटीच दिली असतां जोडलेल्या विभागांची यादी दिसते. तींत 'बूट' आहे कीं नाहीं तें पाहावें. नसल्यास तो प्रथम जोडावा.

२. विभागांत पुरेशी जागा आहे असें पाहून मग कर्नल बसवावा व ग्रबची यादी ताजी करावी.

३. जुना कर्नल लगेच काढूं नये. नवा न चालल्यास तोच उपयोगी पडतो.

४. यंत्र पुन्हां सुरू केल्यावर 'यूनेम –आर' या आज्ञेनें चालू कर्नलचा क्रमांक पाहावा. तो जुनाच दिसल्यास विभाग जोडून कर्नल पुन्हां बसवावा.

चुकीची सूचना आली नाहीं, एवढ्यावरून काम झालें असें समजूं नये. प्रत्यक्ष पाहून खात्री करून घेतली, म्हणजेच तें पुरें झालें.