एसी बंदच होत नाही! फिरत्या घरातून शिकूया दोष शोधायला



आपल्या चाकण परिसरातल्या वर्गात गाड्यांविषयी मुलांना काही सांगावं लागत नाही. कुणाचे बाबा महाळुंगेच्या कंपनीत असेंब्ली लाइनवर आहेत, कुणाची आई निघोजेत वायरिंगच्या जोडणीला जाते, कुणाचे मामा ट्रकवर आहेत. क्लच, रिले, फ्यूज, सेन्सर हे शब्द मुलांच्या कानावरून रोज जातात. पण हीच मुलं विज्ञानाच्या पेपरात 'विद्युतचुंबकाचे दोन उपयोग लिहा' म्हटलं की 'विद्युत घंटा आणि क्रेन' एवढंच लिहितात. बाबा रोज हाताळतात तो रिले म्हणजेच विद्युतचुंबक, हे त्यांना कुणी जोडून दाखवलेलं नसतं.

आजचा पाठ त्या जोडणीसाठी आहे. सहावी ते आठवीसाठी तो थेट घेता येईल. चौथी-पाचवीसाठी शेवटचा खेळ पुरेसा आहे.

पाठाचा उद्देश

१. थर्मोस्टॅट, सेन्सर आणि रिले यांचं काम मुलं स्वतःच्या शब्दांत सांगतील.
२. 'बिघडलं, बदला' असं न म्हणता दोष कुठे आहे हे क्रमाने शोधतील.
३. काय स्वतः तपासायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे ओळखतील.

उदाहरण कोणतं?

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. कॅराव्हॅन म्हणजे फिरतं घर. एकाच गाडीत झोपायची जागा, छोटं स्वयंपाकघर, फ्रीज आणि बहुतेक वेळा छतावर एसी. हा एसी २३० व्होल्टवर चालणारा असेल तर त्याला मुक्कामाच्या ठिकाणची वीज, इन्व्हर्टर किंवा जनरेटर लागतो. काही गाड्यांत बॅटरीवर चालणारा एसीही असतो.

आता समस्या अशी: गाडी मुक्कामाला थांबली आहे, रात्र झाली आहे, आत गारठा पडलाय, पण एसी काही थांबत नाही. रिमोटवर तापमान वाढवून पाहिलं, तरी तो चालूच. दोष कुठे असेल?

मुलांना हा प्रश्न विचारा आणि उत्तरं फळ्यावर लिहा. 'गॅस संपला', 'रिमोट खराब', 'कंपनीच बोगस' अशी उत्तरं येतील. एकही खोडू नका. पाठ संपल्यावर मुलंच त्यातली खोडतील.

आधी समजून घेऊ: एसी थांबतो कसा?

एसी थंड करतो हे सगळ्यांना माहीत आहे. तो *थांबतो कसा* हे फार थोड्यांना माहीत असतं. त्यामागे एक साखळी आहे.

सेन्सर खोलीचं तापमान मोजतो. थर्मोस्टॅट ते आपण ठरवलेल्या तापमानाशी ताडून पाहतो. उकडत असेल तर तो रिलेला छोटा विद्युतप्रवाह देतो. रिलेतली तारेची गुंडाळी चुंबक बनते, लोखंडी पट्टी ओढते, संपर्क जुळतात आणि कॉम्प्रेसरकडे मोठा प्रवाह जातो. पुरेसं थंड झालं की थर्मोस्टॅट छोटा प्रवाह तोडतो, चुंबकत्व जातं, स्प्रिंग पट्टीला मागे खेचते आणि कॉम्प्रेसर थांबतो. आपले मिस्त्री यालाच 'कटऑफ झाला' म्हणतात.

मुलं विचारतील, बरोबर २४ अंशांवर चालू आणि २४ वरच बंद का नाही? तसं केलं तर रिले मिनिटाला कितीतरी वेळा टकटक करत राहील. म्हणून मध्ये थोडी फट ठेवतात. समजा २५ ला चालू, २३ ला बंद.

आपल्या पेशाला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट इथे जरूर सांगा. खोलीच्या विजेच्या थर्मोस्टॅटचं पेटंट १८८३ मध्ये वॉरन जॉन्सन यांनी घेतलं. ते अमेरिकेतल्या व्हाइटवॉटर इथे शिक्षक घडवणाऱ्या संस्थेत प्राध्यापक होते. थंडीच्या दिवसांत शिपाई दर थोड्या वेळाने वर्गात येऊन तापमान पाहायचा आणि शिकवणं मोडायचं. त्यावर त्यांनी असं उपकरण केलं की वर्गाचं तापमान बदललं की तळघरात घंटा वाजेल. म्हणजे थर्मोस्टॅटच्या इतिहासात एका शिक्षकाची तासातला व्यत्यय टाळण्याची धडपडही आहे!

दोष शोधण्याच्या पायऱ्या

*पायरी १: आधी सुरक्षितता.* एसी बटणाने बंद होत नसेल तर मोठ्या माणसाने त्याचा एमसीबी खाली करावा. पुन्हा चालू करण्याआधी किमान तीन मिनिटं थांबावं, म्हणजे कॉम्प्रेसरमधला दाब समान होतो. लगेच चालू केल्यास त्याच्यावर ताण येतो. आणि एमसीबी हेच रोजचं बटण करून गाडी वापरत राहू नये. त्याने दोष झाकला जातो, जात नाही.

*पायरी २: नक्की काय बंद होत नाही?* पंखा की कॉम्प्रेसर? फक्त वारा येत असेल आणि तो गार नसेल, तर कॉम्प्रेसर थांबलेला आहे. पुष्कळ एसींमध्ये पंखा 'ऑन' वर ठेवला की तो सतत फिरतो आणि 'ऑटो' वर ठेवला की कॉम्प्रेसरबरोबर थांबतो. तसं असेल तर दोष नाहीच, नुसती सेटिंग आहे. शिवाय इन्व्हर्टर प्रकारचा एसी दरवेळी पूर्ण थांबत नाही, त्याचा कॉम्प्रेसर हळू चालतो. तेही नेहमीचंच वागणं आहे.

*पायरी ३: तापमान मोजा.* ही सगळ्यांत महत्त्वाची पायरी. साधा तापमापक आत ठेवा, अर्ध्या तासाने वाचा.

– आतलं तापमान ठरवलेल्यापेक्षा *जास्त* असेल, तर थर्मोस्टॅट आपलं काम बरोबर करतोय. एसीला थंड करणंच जमत नाहीये. मे महिन्याच्या उन्हात पत्र्याची गाडी उभी करून १६ अंश लावले तर तो थांबणार कधी? इथे फिल्टर धुवा, गाडी सावलीत घ्या, फटी बंद करा, तापमान २४ च्या आसपास ठेवा. तरीही फरक पडला नाही तर गॅस तपासून घ्या.
– आतलं तापमान ठरवलेल्यापेक्षा *कमी* होऊनही कॉम्प्रेसर चालूच असेल, तर दोष नियंत्रणाच्या साखळीत आहे. पुढच्या पायऱ्या याच स्थितीसाठी आहेत.

बघा, दहा-वीस रुपयांची वही आणि एक तापमापक एवढ्यावर अर्धे संशयित सुटले!

*पायरी ४: सेन्सर कुठे आहे?* सेन्सर फ्रीजच्या मागे, उन्हाच्या काचेजवळ किंवा तापणाऱ्या दिव्याखाली असेल तर सगळी गाडी गारठली तरी त्याला उकडतच राहतं. तो खोटं बोलत नाही, चुकीच्या जागेवरून खरं सांगतोय. आजचे बरेच सेन्सर असे असतात की तापमान वाढलं की त्यांचा रोध कमी होतो. इथे मुलांना तर्क करू द्या. सेन्सरच्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर रोध जवळपास शून्य. मग थर्मोस्टॅटला काय वाटेल? 'खूप उकडतंय!' आणि तार तुटली तर? रोध प्रचंड, म्हणजे 'गारठलंय', मग एसी चालूच होणार नाही. म्हणजे आपल्या तक्रारीत तुटलेल्या तारेपेक्षा चिकटलेल्या तारेवर संशय जास्त. काही एसी अशा वेळी पडद्यावर चुकीचा कोड दाखवून थांबतात, म्हणून पडदाही वाचायला सांगा.

*पायरी ५: साखळी मधोमध तोडा.* ही पायरी जाणकार मिस्त्रीची, आपण फक्त तर्क समजून घ्यायचा. थर्मोस्टॅट भिंतीवर वेगळा असेल तर वीज बंद करून त्याची तार छतावरच्या युनिटच्या बाजूने सोडवतात आणि पुन्हा वीज देतात. एसी चालू झालाच नाही, तर दोष तारेत किंवा थर्मोस्टॅट-सेन्सरमध्ये. तरीही चालूच राहिला, तर दोष युनिटच्या आत, म्हणजे रिलेत किंवा सर्किट बोर्डात. पहिल्या स्थितीत पुढे तार युनिटला जोडून थर्मोस्टॅटच्या टोकाला सोडवतात. आता एसी चालला तर मधली तार शॉर्ट आहे, नाही चालला तर थर्मोस्टॅट. एका कृतीत अर्धी साखळी निर्दोष ठरते.

*पायरी ६: रिले.* संपर्क जुळताना-सुटताना ठिणगी पडते. वर्षानुवर्षं ठिणग्या पडून संपर्क वितळून एकमेकांना चिकटतात. मग गुंडाळीतलं चुंबकत्व गेलं तरी स्प्रिंगला ते सोडवता येत नाहीत. 'टक' आवाज येत नाही आणि एसी थांबत नाही.

ट्रकचा एसी

ज्या मुलांच्या घरी ट्रक आहे त्यांच्यासाठी हे जोडा. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड मालट्रकच्या केबिनमध्ये एसी बंधनकारक आहे. गाडीच्या इंजिनवर चालणाऱ्या एसीत कॉम्प्रेसर पट्ट्याने फिरतो आणि त्याला जोडणारा-सोडणारा क्लच हा विद्युतचुंबक असतो. त्याचा रिले चिकटला की इंजिन चालू असेपर्यंत कॉम्प्रेसर सुटत नाही. पुढच्या वेळी 'विद्युतचुंबकाचे उपयोग' विचारलं तर तिसरं आणि चौथं उत्तर मुलांकडे तयार असेल.

वर्गातला खेळ: 'खोटं कोण बोलतंय?'

साहित्य: तापमान लिहिलेली कार्डं, चार मुलं.

पहिला सेन्सर. त्याला कार्ड दाखवा, तो आकडा मोठ्याने सांगेल. दुसरी थर्मोस्टॅट. आकडा २४ पेक्षा जास्त असेल तर हात वर, नाहीतर खाली. तिसरा रिले. थर्मोस्टॅटचा हात वर असेल तर कॉम्प्रेसरचा हात धरायचा, खाली गेला की सोडायचा. चौथी कॉम्प्रेसर. हात धरलेला असेपर्यंत 'घुर्रर्र' आवाज.

दोन-तीन वेळा नीट खेळून झालं की एकाच्या कानात सांगा, 'तू आता बिघडलास.' सेन्सर कायम ३५ म्हणेल, किंवा रिले हात सोडणारच नाही. वर्गाने दोषी शोधायचा. अट एकच: एका वेळी एकच चाचणी करायची. मुलं आधी अंदाज ओरडतात. थोड्या वेळाने एखादी मुलगी म्हणते, 'थर्मोस्टॅटला हात खाली घ्यायला सांगा आणि बघा घुर्रर्र थांबतं का.' तिथे पाठ साध्य झाला.

घरचा अभ्यास: पाच वेळा 'का?'

आपल्या भागातल्या कंपन्यांत दोष सापडला की 'व्हाय-व्हाय' करतात. टोयोटाच्या कारखान्यांतून ही पद्धत जगभर गेली. मुलांनी घरी जाऊन आई-बाबांना विचारावं, 'तुमच्या लाइनवर व्हाय-व्हाय कसं करतात?' वर्गात हे उदाहरण द्या:

एसी बंद का होत नाही? कॉम्प्रेसरला वीज मिळतच राहते.
का? रिलेचे संपर्क चिकटलेत.
का? ठिणग्यांनी ते झिजले होते.
का? रिले सारखा चालू-बंद होत होता.
का? सेन्सर एसीच्या थंड झोतासमोर बसवलाय. तो लगेच गार होतो, लगेच तापतो.

नुसता रिले बदलला असता तर काही महिन्यांनी तोही चिकटला असता. खरा उपाय सेन्सरची जागा बदलणं हा आहे.

पालकहो, 'आम्हाला कुठे शिकवता येतं' असं म्हणू नका. या अभ्यासात शिक्षक तुम्हीच आहात. आपल्या बाबांचं काम विज्ञानाच्या वहीत आलं की मूल ती वही वेगळ्या नजरेनं बघतं.

हे मात्र चुकवू नका

१. एसीचं झाकण मुलांनी उघडायचं नाही. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार शिल्लक राहतो आणि जबर धक्का बसू शकतो.
२. बंद गाडीत इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून, एसी लावून झोपू नये. डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधील वडकरा येथे उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोन जण मृतावस्थेत आढळले. जनरेटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत शिरल्याचं तज्ज्ञांच्या तपासणीत पुढे आलं. या वायूला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला कळतच नाही.

दुसरा मुद्दा ट्रकवर मुक्काम करणाऱ्या वडिलांपर्यंत, मामांपर्यंत पोचायला हवा. मुलांना तो वहीत लिहून घरी वाचून दाखवायला सांगा. सगळा पाठ विसरला तरी चालेल, ही ओळ विसरता कामा नये.

सरावासाठी प्रश्न

१. आत २९ अंश, एसी २४ वर, कॉम्प्रेसर दोन तास चालू. थर्मोस्टॅट खराब म्हणता येईल का? (नाही. तो बरोबर वागतोय, थंडावा कमी पडतोय.)
२. आत १९ अंश, एसी २४ वर, कॉम्प्रेसर चालूच. गॅस कमी असेल का? (नाही. गॅस कमी असता तर इतकं थंड झालंच नसतं.)
३. तुमच्या घरातला फ्रीज किंवा इस्त्री 'कटऑफ' कशी होते? मोठ्यांना विचारून चार ओळी लिहा.

आता सुरुवातीला फळ्यावर लिहिलेल्या उत्तरांकडे परत चला आणि 'गॅस संपला' का खोडायचं, ते मुलांनाच सांगू द्या.